भेवाची हजेरी

आमच्या दुकानासमोरचा पादचारी पूल ज्या माणसाने बसवला, त्याला रस्ता ओलांडायची भीती वाटायची. हे मी गिऱ्हाइकांना सांगतो तेव्हा त्यांना वाटतं मास्तर थापा मारतोय. शिंप्याच्या बोलण्यावर आणि त्याने दिलेल्या तारखेवर आमच्या हिंगोलीत कुणी विश्वास ठेवत नाही. पण ही गोष्ट खरी आहे.

सोमला राठोड पहिल्यांदा माझ्या पायरीपाशी आला तेव्हा मला वाटलं, पँट आल्टर करायची असेल. त्याला रस्त्यापलीकडच्या टपरीवर चहा प्यायला जायचं होतं. दहा मिनिटं तो कडेला उभा होता. एक पाय पुढे टाकायचा आणि ट्रॅक्टर दिसला की मागे घ्यायचा. रिक्षा आली की पुन्हा मागे. शेवटी माझ्याकडे वळून म्हणाला,

"मास्तर, तेवढं पलीकडं नेऊन सोडता का?"

पन्नाशी ओलांडलेला सहा फुटी माणूस, डोक्यावर पिवळं हेल्मेट, मिशा चांगल्या भरघोस. मी हातातला ब्लाउज बाजूला ठेवला, त्याचं कोपर धरलं आणि माझ्या पल्लवीला शाळेत सोडतो तसं त्याला पलीकडे सोडलं. परत येताना मी मनात म्हटलं, हा गडी आता आमच्या डोक्यावर पूल ठेवणार, कल्याण आहे!

त्या पुलावर माझा आधीच राग होता. पूल हवा होता, नाही असं नाही. समोर मुलींची शाळा, अलीकडे बाजार, आणि मधून दिवसभर धावणारे ट्रक, एसट्या, जीपा. पल्लवी आठवीत होती आणि तिला रोज हाताला धरून नेताना माझा जीव मुठीत असायचा. पण पुलाचा खांब नेमका माझ्या दुकानाच्या एका अंगाला आला आणि माझी अर्धी पाटी झाकली गेली. "लेडीज" तेवढं दिसायचं, "टेलर" खांबामागे. मी तीन अर्ज केले, कुणी ढुंकून पाहिलं नाही. तेव्हा पुलाच्या नावाने बोटं मोडायची आणि पुलाच्या माणसांची टिंगल करायची, एवढाच उद्योग मला उरला होता. त्यात सोमलाभाऊ आयता सापडला.

तो आमच्याच जिल्ह्यातल्या गोरेगावकडच्या एका तांड्यावरचा. क्रेनने जे काही वर उचलायचं, त्याला वायर रोप, म्हणजे तारांचे पिळलेले दोर, नीट बांधायचे, क्रेनवाल्याला हाताने इशारे द्यायचे, आणि माल जागेवर बसेपर्यंत खालच्या माणसांना सांभाळायचं, हे त्याचं काम. या कामातली बाकीची माणसं छाती काढून चालतात. हा भिंतीच्या कडेने चालायचा. दुकानात आला तर पंख्याखाली बसायचा नाही. "पंखा कवा बी पडू शकते," म्हणायचा. गटारावरच्या फरशीवर पाय द्यायचा नाही. माझी पाटी चार खिळ्यांवर आहे की दोनच, हे त्याने पहिल्याच आठवड्यात विचारलं. मी म्हटलं, "सोमलाभाऊ, तुमचं लग्न कसं झालं? मांडव पडंल म्हणून भ्याले न्हाईत?"

"म्या मांडवाच्या भायेर हुबा होतो," तो म्हणाला. "भटजीनं आत वढला."

हे तो हसल्या-न-हसल्यासारखं म्हणाला. खरं की खोटं, मला अजून कळलेलं नाही.

त्याच्या खिशात नेहमी कापसाचा एक बोळा असायचा. मला वाटलं अत्तराचा फाया असेल, कानात ठेवायला. एका सकाळी तो रस्त्याकडेला उकिडवा बसून वायर रोपवरून तो कापूस हळूहळू फिरवत होता. देवाच्या मूर्तीला तेल लावतात तितक्या हळू. मी विचारलं, "काहून गोंजारून राहिले हो त्याला?"

"तार तुटली असंल तर डोळ्याला दिसत न्हाई मास्तर. कापसाला दिसते."

आणि खरंच एका जागी कापूस अडकला. पांढरी कुसं तिथंच राहिली. त्याने मला वाकून बघायला लावलं. केसाएवढी तार तुटून वर आली होती. शेजारी आणखी एक होती, आणि त्याखाली आणखी एक. सोमलाभाऊने तो रोप उचलला आणि बाजूला टाकला. सुपरवायझर साहेब आले. तरुण होते, सारखे फोनवर. म्हणाले, "दोन-चार तारांनी काय होतं? शंभर तारा असतात त्यात."

सोमलाभाऊने हात जोडले. "साहेब, मला भेव वाटून राहिलं. या रोपानं म्या उचलणार न्हाई."

दुसरा रोप नांदेडहून यायला दोन दिवस लागले. दोन दिवस काम बंद. साहेब चिडले, मजूर झाडाखाली पत्ते खेळले, आणि सोमलाभाऊ माझ्या पायरीवर शरमल्यासारखा बसून राहिला. मला तेव्हाच कळायला हवं होतं की हा माणूस नुसता भित्रा नाही. पण मला टिंगलीची चटक लागली होती.

त्याची सगळ्यात विचित्र रीत म्हणजे सकाळची हजेरी. काम सुरू करायच्या आधी तो आठ-दहा माणसांना ओळीत उभं करायचा आणि एकेकाला विचारायचा, "आज कुठं भेव वाटून राहिलं?" प्रत्येकाने काहीतरी सांगायचंच. कुणी म्हणायचा, डाव्या बाजूची शिडी हलते. कुणी म्हणायचा, रात्री झोप झाली नाही, चक्कर येईल. एक जण म्हणाला, घरून फोन आला, लेकरू तापलंय, ध्यान लागत नाही. सोमलाभाऊ ऐकून घ्यायचा. शिडी बदलायचा, झोप न झालेल्याला खालचं काम द्यायचा, लेकरू तापलेल्याला घरी धाडायचा. आणि जो छाती फुगवून "कुठंच न्हाई" म्हणायचा, त्याला त्या दिवशी वर चढू द्यायचा नाही. त्याने दिवसभर सिमेंटची पोती मोजत बसायचं.

मी एकदा विचारलं, हे कुठून शिकलात. तेव्हा त्याने तांड्यातल्या जुन्या माणसांचं ऐकलेलं सांगितलं. त्यांचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ, धान्य लादून मुलुख पालथा घालायचे. नदीच्या उतारावर पुढचा बैल थबकला तर त्याला कुणी चाबूक मारायचं नाही. सगळा तांडा थांबायचा. एक माणूस काठी घेऊन पाण्यात उतरून बघायचा, मगच पुढे.

"आता बैल गेले," सोमलाभाऊ म्हणाला, "म्हून म्या माणसालाच इचारतो."

जाता-येता तो मलाही विचारायचा. मी ठरलेलं उत्तर द्यायचो, "मला एकच भेव, बायकोचं!" आतून शोभाचा आवाज यायचा, "दिसतंय की!" सगळे हसायचे. सोमलाभाऊ मात्र हसायचा नाही. मान हलवायचा आणि पुढे जायचा. मग एक दिवस तो थांबला. आमच्या दुकानाच्या वरच आमचं घर आहे आणि घराला रस्त्यावर आलेली गॅलरी आहे. तिकडे बोट करून म्हणाला, "मास्तर, सांगाडा चढवायच्या दिवशी त्या गॅलरीत कोणी नको. मांजर बी नको."

"बरं बरं," मी म्हटलं.

तो दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगून गेला. तिसऱ्या दिवशी पुन्हा. मी शोभाला म्हणालो, "या माणसाला स्वतःच्या सावलीचं भेव वाटतं."

सांगाडा चढवायचा दिवस रविवारचा ठरला. उन्हाळा होता. पुलाचा मधला लोखंडी सांगाडा दोन तुकड्यांत येऊन रस्त्याच्या कडेलाच जोडला होता, या फुटपाथापासून त्या फुटपाथापर्यंत पोचेल एवढा लांब. सकाळी सहाला रस्ता बंद करायचा आणि आठच्या आत सांगाडा दोन खांबांवर बसवायचा, असं सोमलाभाऊने महिनाभर आधी सांगून ठेवलं होतं. उन्हाळ्यात आमच्याकडे सकाळी पान हलत नाही, पण ऊन चढलं की वारं सुटतं. त्याला वाऱ्याची फार भीती.

सहाला सगळे तयार होते. क्रेन उभी होती, पोलीस उभे होते, मीही अंघोळ करून उभा होतो. पण भाऊ यायचे होते. भाऊ म्हणजे आमच्या भागातले पुढारी. त्यांच्या हातून नारळ फुटल्याशिवाय आमच्याकडे साधी बोअर लागत नाही, पूल तर लांबच. माझ्या दुकानासमोर लहानसा मंडप, खुर्च्या, माइक. सात वाजले, आठ वाजले. तोवर कार्यकर्ते रिकामे बसले नाहीत. त्यांनी जीपमधून एक भलंमोठं फ्लेक्स काढलं, भाऊंचा हात जोडलेला फोटो, आणि मंडपाच्या बाजूचा सांगाड्याचा जो अर्धा भाग होता त्याला सुतळीने घट्ट बांधून टाकलं. सांगाडा वर गेला की भाऊही वर जाणार, सगळ्या बाजाराला दिसणार. कल्पना मलाही आवडली होती, लपवत नाही.

भाऊ साडेनऊला आले. नारळ फुटला, हार झाले. तोवर झाडं हलायला लागली होती. रस्त्यावरचे कागद उडत होते. सोमलाभाऊ फ्लेक्सकडे बघत उभा होता. त्याचा चेहरा पिठासारखा पांढरा पडला होता. सुपरवायझर साहेबांपाशी जाऊन तो म्हणाला, "साहेब, फ्लेक्स सोडा आन मग उचलू. एकाच बाजूला बांधलंय. वारं धरंल, सांगाडा फिरंल."

साहेबांनी कार्यकर्त्यांकडे पाहिलं. एक जण म्हणाला, "भाऊंचा फोटो काढतो का रे?"

"काढत न्हाई दादा. मला भेव वाटून राहिलं, एवढंच सांगून राहिलो."

माइक चालू होता. ते वाक्य सगळ्या रस्त्याने ऐकलं. खुर्च्यांतून हशा उठला. "भेकडाला कशाला ठेवलं कामावर?" कुणीतरी ओरडलं. मीही हसलो. आजवर हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, पण मीही हसलो.

साहेबांनी त्याच्या हातातली शिट्टी काढून घेतली आणि म्हणाले, "तुम्ही बाजूला व्हा, इशारा मी देतो." मला वाटलं, आता हा निघून जाईल. तो गेला नाही. सांगाड्याच्या दोन्ही टोकांना दोर बांधलेले असतात, माणसांनी खालून धरून सांगाडा सरळ ठेवायचा असतो. सोमलाभाऊ आमच्या बाजूच्या दोरापाशी गेला, तो धरून उभ्या असलेल्यांना पुढे केलं, आणि आपण दोराचं शेपूट घेऊन मागे पुलाच्या जिन्याच्या खांबापाशी जाऊन थांबला. जाताना त्याने वर पाहिलं. गॅलरीत शोभा आणि पल्लवी उभ्या होत्या. पल्लवी फोनवर शूटिंग करत होती. त्यांना वर उभं राहायला मीच सांगितलं होतं, असं पुन्हा कधी बघायला मिळणार म्हणून. सोमलाभाऊने माझ्याकडे पाहिलं. मी हात हलवला.

क्रेन घुमली. सांगाडा जमिनीवरून सुटला, माणसाच्या उंचीवर गेला, मग पहिल्या मजल्याच्या उंचीवर. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आणि वारं आलं.

फ्लेक्स फुगलं. एवढंच मला आठवतं की भाऊंचा चेहरा एकदम मोठा झाला. मग सांगाडा फिरायला लागला. पलीकडच्या टोकाचा दोर चार माणसांच्या हातातून निसटला, ती माणसं रस्त्यावर आपटली. आमच्या बाजूचं टोक गॅलरीकडे निघालं. हळू येत होतं. घाईने आलं असतं तर इतकं भय वाटलं नसतं. खाली मंडप आणि माणसं होती, म्हणून क्रेनवाल्याला ते खाली घेता येईना. मला ओरडायचं होतं, "आत पळा!" पण मघाशी हलवलेला हात मी तसाच वर धरून उभा होतो. पल्लवी फोन धरून तशीच उभी होती, तोंड उघडं. माझी एकुलती एक पोर आणि तिच्यापासून दोन हातांवर ते लोखंड, आणि मी त्यांना तिथं उभं केलेलं. तेवढ्या क्षणात मी जो काही भ्यालो, ते भय आजही तसंच आहे. ब्लाउजचं माप घेताना मधेच हात थांबतो, तो त्यामुळे.

सांगाडा थांबला.

सोमलाभाऊने दोराचे दोन वेढे खांबाला टाकले होते आणि मागे झुकून, टाचा रोवून तो दोर धरून होता. पुढचे दोघे दोर सोडून पळाले होते. दोर त्याच्या तळव्यातून करकर सरकत होता. मग सरकायचा थांबला. सांगाड्याचं टोक गॅलरीच्या कठड्यापासून वीतभर अंतरावर थरथरत होतं.

"पोरीला आत घ्या!" तो ओरडला. इतक्या दिवसांत त्याचा चढा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. शोभाने पल्लवीला आत ढकललं. पुन्हा वारं आलं, फ्लेक्स फडफडलं, दोर आणखी एक इंच सरकला.

मग तो एकदम मऊ आवाजात म्हणाला, "वैनी, कात्री हाय का?"

शिंप्याच्या घरात कात्री कशी नसेल! शोभा आत गेली आणि माझी मोठी कापडाची कात्री घेऊन आली. वाकली आणि सांगाड्याच्या टोकाला बांधलेली सुतळी कापली. एक गाठ कापली, दुसरी कापली. पुढचं काम वाऱ्याने केलं. फ्लेक्स टराटरा सुटलं आणि मंडपावर जाऊन पडलं. सांगाडा एकदा हलला आणि दोराच्या ओढीने हळूहळू रस्त्याच्या मधे आला. मग माणसं धावली, दोर धरले. सोमलाभाऊने खूण करून शिट्टी मागितली, ती साहेबांनी मुकाट्याने दिली. हातातून रक्त गळत असताना त्याने दातांत शिट्टी धरली, कोपरांनी इशारे दिले आणि सांगाडा दोन्ही खांबांवर बसवला.

पहिला बोल्ट बसला तेव्हा तो खांबाला टेकून खाली बसला आणि लहान लेकरासारखा रडला. मी त्याच्याजवळ जाऊन बसलो. शोभाने हळद आणून त्याच्या तळव्यांवर दाबली, मग आम्ही त्याला दवाखान्यात नेलं. नेताना रस्ता ओलांडायचा होता. रस्ता बंदच होता, एकही गाडी नव्हती. तरी त्याने कोपर पुढे केलं.

दुसऱ्या दिवशी पेपरात भाऊंचा नारळ फोडतानाचा फोटो आला. सोमलाभाऊने भाऊंसमोर तमाशा केला, म्हणून राहिलेले बोल्ट आवळून झाले की त्याने जावं, असं ठरलं. तो तीन आठवडे राहिला. तळव्यांना नवी गुलाबी कातडी आली, पण उजव्या हाताची दोन बोटं पुन्हा नीट मिटली नाहीत. एकदा तो वायर रोप घेऊन पायरीवर आला आणि कापसाचा बोळा माझ्यापुढे धरला.

"मास्तर, तुमी फिरवा. माझ्या हाताला आता कळून न्हाई राहिलं."

मी मशीन बंद करून तासभर त्या रोपवर कापूस फिरवला. कुठे अडकला नाही. तरी मी दोनदा फिरवला.

तो गेला त्या सकाळी पूल लोकांसाठी उघडून आठवडा झाला होता. पिशवी घेऊन तो निरोप द्यायला आला आणि सवयीने विचारलं, "आज कुठं भेव वाटून राहिलं, मास्तर?" या वेळी मी ते ठरलेलं उत्तर दिलं नाही.

"पोरगी पुलाच्या मधोमध जाती ना," मी म्हटलं, "तवा."

त्याने मान हलवली. पिशवी पायरीवर ठेवली, तिच्यातून पाना आणि लहान हातोडी काढली आणि म्हणाला, "चला." आम्ही पुलावर चढलो. त्याने माझं कोपर धरलं होतं. मधोमध आल्यावर तो गुडघ्यांवर बसला आणि एकेका बोल्टावर हातोडी हळूच मारत गेला. शाळेच्या पोरी आमच्या बाजूने वाट काढून जात होत्या. "ऐका," तो म्हणायचा. टण्ण. टण्ण. टण्ण. एक बोल्ट बद्द वाजला. त्याने पाना लावला, मिटत नसलेली दोन बोटं बाजूला ठेवून बाकीच्या तीन बोटांनी जोर केला, अर्धा आटा फिरला. पुन्हा हातोडी मारली. टण्ण.

"आता?"

"आता कमी झालं."

"जरा ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "समदं काढू नका."

पलीकडच्या बाजूला त्याला गोरेगावची काळी-पिवळी जीप मिळाली. मी पुलावरून परत येऊन दुकानाच्या दारात उभा राहिलो. जीप वळून आमच्या बाजूने निघाली. तो मागच्या बाकावर कडेला बसला होता, मांडीवर पिशवी, पिशवीवर ते दोन हात. मी हात वर केला. त्याने मला पाहिलं, पण त्याचं लक्ष पुढे होतं. जीप पुलाखाली आली. पूल त्यानेच बसवला होता, प्रत्येक बोल्ट त्याने स्वतः वाजवून पाहिला होता, आणि जीपच्या टपावर आणखी एक जीप ठेवली असती तरी ती खालून गेली असती. तरी पुलाखालून जाताना सोमलाभाऊने डोळे घट्ट मिटले आणि मान खाली घातली.

दारात उभ्या उभ्या मीही घातली.